निरीक्षणवाले नाना

माणसं स्वतःची ओळख गावावरून करून देतात, आडनावावरून करून देतात, फार तर जावयाच्या हुद्द्यावरून करून देतात. नाना विहिरीवरून करून देत. चोपड्याच्या एस.टी.त शेजारी कुणी येऊन टेकलं, की कंडक्टर पोहोचायच्या आत नानांचा प्रश्न यायचा, "तुमची विहीर कोणती?" समोरचा गोंधळायचा. शहरातला असला तर पिशवी पोटाशी धरायचा. मग नाना टोपी सारखी करत, आवाज जरा खाली आणत आणि म्हणत, "आमची निरीक्षण विहीर आहे." 'आमचा मुलगा कलेक्टर आहे' हे वाक्यसुद्धा इतक्या तब्येतीत म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही.

निरीक्षण विहीर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकात मी जळगावला पाण्याच्या ऑफिसात होतो. जमिनीच्या पोटातलं पाणी वर आलं की खाली गेलं, हे पाहण्यासाठी आम्ही ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांच्या काही विहिरी निवडून ठेवलेल्या असत. वर्षातून चार वेळा जायचं, कठड्यावर केलेल्या खुणेपासून पोलादी फीत खाली सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते लिहून आणायचं. फितीच्या टोकाला खडू फासलेला असे. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. तालुक्याच्या कचेरीतला पर्जन्यमापक आभाळाची खबर द्यायचा, नदीत रोवलेली मापाची पट्टी वाहत्या पाण्याची, आणि विहीर द्यायची पोटातली. या तिघांच्या साक्षीवर दुष्काळ आहे की नाही ते ठरायचं. विहिरीच्या मालकाला यातून काहीही मिळत नसे. ना पैसा, ना पाटी, ना प्रजासत्ताकदिनाला खुर्ची. नानांनी मात्र मान मिळण्याची वाट पाहिलीच नाही. त्यांनी तो स्वतःच घेऊन टाकला.

विहीर निवडली त्या दिवशी मी जीपमध्येच होतो, म्हणून खरं काय ते मला ठाऊक आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून थोडं आत. आमच्या साहेबांना पसंत पडली होती ती सरपंच आबांची विहीर. रुंद, बांधीव, आत उतरायला पायऱ्या. साहेब कठड्याशी वाकले आणि आबांच्या कुत्र्याने साहेबांच्या मागच्या बाजूचं निरीक्षण सुरू केलं. साहेब एवढ्या चपळाईने जीपच्या टपावर चढले, की तशी चपळाई मी त्यांच्यात पुन्हा कधी पाहिली नाही. टपावरूनच त्यांनी रस्त्याच्या पलीकडची एक अरुंद, साधीसुधी विहीर पाहिली आणि म्हणाले, "ती घ्या." ती नानांची.

नानांची कथा निराळी होती. "साहेबांनी गावच्या सगळ्या विहिरी पाहिल्या. पण मुलगी पाहायला जातो ना, तसं असतं ते. एकदा नजर ठरली की ठरली."

पारावर हे चालू असताना आबा तिथे असले तर ओरडत, "नजर कसानी ठरनी, नाना? मनं कुत्रं आडं उनं म्हनीसन तुमनी हिरीनं लगीन व्हयनं!"

हीर म्हणजे विहीर. नाना आमच्याशी, म्हणजे सरकारी माणसांशी, शुद्ध मराठीत बोलत. गावाशी आणि रागात अहिराणीत. बोलता बोलता मध्येच 'आहे'चं 'शे' झालं, की नानांचा पारा चढला असं समजायचं आणि आपण पाण्याचा तांब्या उचलायचा.

मोजणीच्या आधी विहीर शांत ठेवावी लागते. पंप चालला तर पाणी खाली जातं आणि माप खोटं येतं, म्हणून आदल्या दिवसापासून उपसा बंद ठेवा, एवढंच आम्ही सांगितलं होतं. नानांनी त्याचं सोवळं करून टाकलं. पंप बंद, मोट बंद, कळशीसुद्धा बुडवायची नाही. विहिरीजवळ मोठ्याने बोलायचं नाही. नानांच्या बायकोला सारं गाव अक्का म्हणे. त्या दिवशी अक्कांना आबांच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. हंडा उतरवता उतरवता त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "मी बाळंत व्हयनू तवय इतली काळजी नही लिधी!"

मोजणी झाली की जेवण. त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर तिखट लागलं म्हणून केळी, आणि केळी जड झाली म्हणून पुन्हा शेवभाजी. पाण्याचा एक घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ. "पाहुण्यासमोर रिकामं भांडं दिसता कामा नये," हा नानांच्या घरातला कायदा होता, आणि अंमलबजावणी इतकी कडक की आमचे साहेब शेवटी पेल्यावर हात झाकून बसत. तो हात बाजूला करून नाना पाणी ओतत.

एका दिवाळीनंतर आम्ही गेलो तर माप एकदम हातभर खोल आलं. पाऊस तर उत्तम झालेला. साहेबांचा चेहरा उतरला. जमिनीखाली काहीतरी भयंकर घडलंय असं त्यांना वाटू लागलं. मी कठड्याकडे पाहिलं. कठडा हातभर उंच झाला होता. त्यावर निळ्या चकचकीत फरशा बसवलेल्या, आणि आमची लाल खूण नव्या जागी, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळेत विराजमान.

"नाना, हे काय?"

"तुम्ही एवढ्या लांबून येता आणि वाकून मोजता," नाना म्हणाले, "जिवाला बरं वाटत नाही. म्हटलं, उंच करून द्यावी."

खूण हलली की मागची सारी मापं हलतात, हे साहेबांनी त्यांना समजावलं. नानांनी मान डोलावली, स्वतःच्या हाताने फरशा उचकटल्या, विटा काढल्या, खूण मूळ जागी आणली. संध्याकाळी पारावर त्यांचं व्याख्यान झालं, "या खुणेवर अख्खा जिल्हा उभा आहे. मी ती जराशी हलवली, तर जळगावात साहेबांना घाम फुटला."

मग ते वर्ष आलं. पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. तालुक्याचा पर्जन्यमापक चकचकीत राहिला, कारण त्यात पडायलाच काही नव्हतं. गावाजवळच्या छोट्या नदीतल्या मापाच्या पट्टीला शेळ्या अंग घासत. ऑक्टोबरात आम्ही विहिरीमागून विहिरी मोजत निघालो. फीत सोडावी, टोक तळाच्या दगडावर 'ठक्' करून आपटावं, आणि वर ओढावी तर खडू जसाच्या तसा पांढरा. 

नानांच्या विहिरीवर मात्र फीत सोडली आणि 'बुळुक' असा गोड आवाज आला. खडू छान भिजला होता. नाना कठड्याला टेकून आमच्याकडे असे पाहत होते, की जणू वर्गात त्यांचंच पोरगं पहिलं आलंय.

साहेबांचा आनंद तर मावेना. परतताना तापीच्या पुलावर त्यांनी जीप थांबवली आणि मला सांगितलं, "सातपुड्यातून एक गुप्त प्रवाह येतोय. थेट या विहिरीखालून." दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फळ्यावर सातपुडा काढला, त्यातून बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी नानांची विहीर काढली. जानेवारीतही विहिरीने 'बुळुक' म्हटलं, तेव्हा बाण आणखी जाड झाला. नानांनी हा सिद्धान्त एकदाच ऐकला आणि पाठ केला. चोपड्याच्या बाजारात ते केळीवाल्यांना सांगत, "आमच्या विहिरीखालून गुप्त आहे. सरस्वतीसारखं."

इकडे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आटली. गावात ट्रॅक्टर होता तो एकट्या नानांकडे. बाकी साऱ्यांचं पाणी बायकांच्या डोक्यावर. त्या शेजारच्या गावी जात आणि तिथल्या बायकांची बोलणी खाऊन अर्धा हंडा घेऊन येत. आबांनी टँकर मागितला. वरून उत्तर आलं, की पाऊस कमी आहे हे मान्य, नदी कोरडी आहे हेही मान्य, परंतु आपल्या गावच्या निरीक्षण विहिरीत पाणी आहे, सबब टँकरची गरज दिसत नाही. तीन साक्षीदारांपैकी एक फितूर निघाला होता.

आबा तडक जळगावला आमच्या ऑफिसात येऊन उभे राहिले. "साहेब, गावात पाणी नाही आणि तुमच्या कागदावर पाणी आहे. आता कागद पिळून पिऊ का आम्ही?"

साहेबांनी फळ्यावरचा बाण दाखवला. आबांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "हा बाण जरा माझ्या विहिरीकडं वळवता येईल का?"

मार्चची मोजणी जवळच आली होती. मोजताना आबांनी समोर उभं राहायचं असं ठरलं. आम्ही सकाळीच पोहोचलो. नानांनी नवी टोपी घातलेली. मी फीत सोडली. बुळुक. आबांनी विहिरीत डोकावून पाहिलं, नानांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "हाई कसं व्हयनं?"

"गुप्त शे, आबा," नाना म्हणाले, "गुप्त."

आबा पाय आपटत घरी गेले आणि आम्ही भरिताकडे वळलो. जेवण झाल्यावर निघायच्या आधी साहेब म्हणाले, "माझ्या नकाशासाठी एकदा पुन्हा फीत सोडा." मी सोडली. पाणी सकाळपेक्षा चांगलं हातभर खाली होतं. साहेबांनी चष्मा पुसला. मी पुन्हा सोडली. आणखी थोडं खाली. आमच्या डोळ्यांदेखत विहीर पाणी पीत होती.

"पंप कुणी चालवला?" साहेबांनी विचारलं.

"पंप बंद आहे," नाना म्हणाले. "दुपारचं पाणी जरा बसतं. माणूस नाही का जेवल्यावर आडवा होत?"

साहेब विचारात पडले. चंद्र, भरती-ओहोटी असं काहीतरी पुटपुटू लागले. त्यांचा सिद्धान्त आता समुद्रापर्यंत पोहोचणार असं दिसताच पलीकडे भांडी घासत असलेल्या अक्कांनी हातातला राखेने माखलेला काथ्या खाली टाकला.

"कसानं गुप्त न् कसानं काय! दोन दिन ट्रॅक्टरवर टाकी ठेईसन तापीनं पानी वाही वाही हिरीमा टाकं यासनी. ऑक्टोबरमा बी, जानेवारीमा बी. तेवढामा बठ्ठा गावना हंडा भराई जाता!"

तेवढ्या पाण्यात साऱ्या गावाचे हंडे भरले असते, हे आम्हांला अहिराणीतही नीट कळलं. साहेबांनी सावकाश सांगितलं, की भोवतालची जमीन कोरडी ठक्क आहे, विहिरीत ओतलेलं पाणी ती शोषून घेते, चार दिवसांत खडखडाट. आम्ही सकाळी मोजून, जेवून जात होतो म्हणून एवढे दिवस निभावलं.

नाना मान खाली घालून बसले होते. "तुम्ही तापी ओलांडून माझ्या दारी येणार," ते म्हणाले, "आणि मी तुमची फीत दगडावर आपटू देऊ? अशी विहीर दाखवू पाहुण्याला?"

फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उरलेलं पाणी पेल्यात ओतावं, तितक्याच सहजपणे त्यांनी ते विहिरीत ओतलं होतं. त्या पाण्यामुळे गावाचा टँकर अडतो, हा धागा त्यांच्या डोक्यात कधी जुळलाच नव्हता. टँकर अडवणारं सरकार वेगळं आणि जेवायला येणारं सरकार वेगळं, असा त्यांचा हिशेब.

"आजचं माप मी चार दिवसांनी पुन्हा घेईन आणि खरं ते लिहीन," साहेब म्हणाले. "पण तहसीलदार विचारतील, जानेवारीत होतं ते पाणी गेलं कुठे? ते तुमच्या तोंडून यायला हवं, नाना. त्यांच्यासमोर. नाहीतर टँकर मिळणार नाही."

"आबासमोर?"

"आबा सरपंच आहेत."

नानांचा चेहरा पाहवेना. निघताना त्यांनी मला जीपच्या आडोशाला ओढलं. "भाऊ, तो गुप्त प्रवाह अचानक आटला, असं नाही का होऊ शकत?"

"होऊ शकतं," मी म्हणालो, "पण मग टँकरच्या ऐवजी मुंबईहून शास्त्रज्ञ येतील."

नानांनी क्षणभर विचार केला. "त्यांनाही जेवू घालू."

चार दिवसांनी तहसीलदार आले. सारं गाव विहिरीभोवती जमलं. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या, आणि सगळ्यांत पुढे, अगदी नानांच्या नाकासमोर, अक्का. त्यांचा हंडा कमरेवर होता आणि नजर नानांवर. नाना लग्नात घालायचा कोट घालून आले होते. मार्चच्या उन्हात तो कोट पाहूनच आम्हांला घाम फुटला. त्यांनी खाकरून शुद्ध भाषेत सुरुवात केली.

"या विहिरीत ऑक्टोबर महिन्यात पाणी होते. जानेवारी महिन्यातही पाणी होते." ते थांबले. आबांनी कान टवकारले. नानांनी एकदा अक्कांच्या हंड्याकडे पाहिलं आणि शुद्ध भाषा सोडून दिली. "ते तापीनं व्हतं. मी टाकं. मनी हीर कोरडी शे."

कुणीतरी हसू दाबलं. आबांनी दाबलं नाही. ते असे हसले की त्यांचा पटका सुटला. "वा रे गुप्त!" ते ओरडले. "ट्रॅक्टरवर बशीसन उनं का तुमनं गुप्त?"

नाना लाल झाले. मला वाटलं, आता कोट काढून मारामारी. पण त्यांनी बादली उचलली आणि दोर सोडून धाडकन विहिरीत टाकली. तळाच्या दगडावर ती अशी दणाणली की तहसीलदार दचकून मागे सरले.

"आयका!" नाना गरजले. "आयका आवाज! थेंब नही! अशी खडखडीत हीर बठ्ठा तालुकामा दुसरी दखाडा माले!"

आबांचं हसू थांबलं. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "काबर? मनी हीर काय कमी कोरडी शे? चला साहेब, मनी देखा! तळाले भेगा पडेल शेतस!"

"भेगा? मनी हिरीमा पाल बी राहत नही!"

पुढचा तासभर तहसीलदारांची वरात या विहिरीवरून त्या विहिरीवर निघाली. नाना आणि आबा त्यांचा एकेक हात धरून ओढत होते. वाटेत इतर शेतकरी सामील झाले, प्रत्येकाची विहीर सगळ्यांत कोरडी. प्रत्येक ठिकाणी बादली आपटायची आणि आवाज ऐकवायचा. शेवटी घामाघूम तहसीलदार हात जोडून म्हणाले, "बस्स! टँकर देतो. बादल्या आवरा."

टँकर आला तो दिवस अजून आठवतो. टँकरचं पाणी एखाद्या विहिरीत सोडायचं आणि तिथून लोकांनी भरून न्यायचं, अशी पद्धत होती. नानांची विहीर रस्त्याला लागून. नानांनी आधीच कठडा धुऊन, नारळ आणून ठेवला होता. गावाचं पाणी माझ्या विहिरीत, या विचाराने झालेलं सगळं भरून निघणार होतं. पण साहेबांनी मान हलवली. ही निरीक्षण विहीर आहे, हिच्यात बाहेरचा एक थेंबही पडता कामा नये.

टँकर सरळ पुढे गेला आणि आबांच्या विहिरीत रिकामा झाला. आबांनी स्वतःचा नारळ फोडला. नाना रस्त्यावर उभे राहून ते पाहत होते. मग त्यांनी आपला नारळ काखेत मारला, घरातून काठी आणली आणि विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसले. त्या दिवसापासून ही त्यांची बैठकच झाली. आबांकडून भरलेले हंडे घेऊन बायका जात, तेव्हा नाना हंड्यांतून सांडणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवत. टवाळ पोरं लांबून विचारत, "नाना, हिरीमा थुकू का? माप चुकी जाई?" आणि काठी उगारून नाना पारापर्यंत त्यांच्या मागे धावत.

माझी पुढे धुळ्याला बदली झाली. पांझरेकाठच्या विहिरी मी वर्षानुवर्षं मोजल्या, पण एक सवय लागली ती लागलीच. सकाळी एकदा मोजायचं आणि जेवण झाल्यावर पुन्हा एकदा. हाताखालची मंडळी विचारत, "दोनदा कशाला?" मी सांगे, "पाणी जेवल्यावर आडवं होतं का, ते पाहतो."

नानांची माझी शेवटची भेट बदलीआधीची, त्याच मे महिन्यातली. मी फीत सोडली. ठक्. नानांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला, जणू गवई सूर तपासतोय.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"मग लिहा, कोरडी. ठळक लिहा."

अक्कांनी पाणी आणून दिलं. आबांच्या विहिरीवरचं, टँकरचं, किंचित गढूळ. मी अर्ध्याहून अधिक प्यालो आणि तळाशी राहिलेलं ओतून द्यायला सवयीने कठड्यापलीकडे हात नेला. नानांनी झटकन माझं मनगट धरलं. पकड बरीच घट्ट होती.

"तठे नको, भाऊ."

त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, त्यातला गाळ एकदा पाहिला आणि उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग मिशा पुसून म्हणाले, "धुळ्याचे लोक फार आग्रह करतील. माप घेतल्याशिवाय जेवू नका."

जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं. नाना पुन्हा कठड्याला पाठ लावून बसले होते. रस्त्याने अक्काच भरलेला हंडा घेऊन येत होत्या, पाणी जरा डुचमळत. विहिरीजवळ त्यांचं पाऊल अडखळलं मात्र, नानांची काठी वर गेली.